शर्मिला गजभिये आणि हळदीची पिल्लं

शर्मिला गजभिये माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आली, ती एका माणसाचं डोकं फोडून.

दोन हजार एक सालचा मार्च होता. सदाशिव पेठेतला माझा जनावरांचा दवाखाना नुकताच उघडला होता. दारात रिक्षा थांबली आणि पांढरा कोट घातलेली, तिशीतली एक उंच बाई हॉस्पिटलच्या चादरीत गुंडाळलेलं कुत्रं घेऊन उतरली. चादरीवर रक्त होतं. कुत्र्याचा पुढचा पाय कोपरापासून लोंबत होता. तिने ते ओझं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "आधी हिचा पाय बघा, डॉक्टर. मग मला पोलिस चौकीत जायचंय. एका वॉचमनला मारलंय. शुद्धीवर आहे, बघून आलेय."

येरवड्याला राहते म्हणाली, तेव्हा इतक्या लांब का आलात, असं मी विचारलं. जनावरांसाठी एक्स-रे मशीन कुणाकडे आहे याची तिने फोनवरून चौकशी केली होती. ती स्वतः एका खासगी हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होती. पायाची फिल्म निघाली तेव्हा मी सांगायच्या आत तिने हाड दोन ठिकाणी मोडल्याचं मला दाखवलं.

झालं होतं ते असं. कल्याणीनगरात नव्या झालेल्या एका इमारतीतलं सॉफ्टवेअरमधलं जोडपं अमेरिकेला गेलं होतं. त्यांची वर्षाची गोल्डन रिट्रीव्हर कुत्री पार्किंगच्या खांबाला बांधलेली होती. न्यायला कुणीतरी येईल, असं वॉचमनला सांगून ते विमानात बसले. नऊ दिवस कुणी आलं नाही. कुत्री रडायची, वरून लोक ओरडायचे आणि वॉचमन खाली येऊन तिला बांबूने झोडायचा. दहाव्या दिवशी शर्मिला ड्यूटीवर जाताना तिथून चालली होती. तिने बांबू हिसकावून घेतला आणि तोच त्याच्या डोक्यात घातला. एकदाच. पण ती जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेली बाई होती, एक फटका पुरला. मग तिने त्याला स्वतःच्याच हॉस्पिटलात नेऊन टाके घालून घेतले. तेव्हा तो तिला म्हणाला की दोन महिने पगार नाही, झोप नाही, मी तरी काय करू. चौकीत त्याने जिन्यावरून पडलो असं सांगितलं. हे मला तिनेच नंतर सांगितलं आणि सांगताना ती खाली बघत होती.

त्या कुत्रीचं नाव तिने हळद ठेवलं.

शर्मिलाचे वडील भीमराव भंडाऱ्याकडचे. खडकीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून बायकोला घेऊन पुण्यात आले आणि येरवड्यात नागपूर चाळीत राहिले. ते गेले तेव्हा शर्मिला कॉलेजात होती. पुढे तिचं लग्न झालं. ते चार महिने टिकलं. नवऱ्याने हात पिरगळला, दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं. ती नेहमीसारखी ड्यूटीवर गेली, आपल्या मनगटाची फिल्म आपणच काढली, हाडातली चीर उजेडात धरून बघितली आणि त्याच संध्याकाळी आईकडे परत आली. त्यानंतर ती आणि आई, हिराबाई, अशा दोघीच राहत. तळमजल्यावर दोन खोल्या आणि पुढे पत्रा टाकलेलं एवढंसं अंगण.

ते दिवस असे होते की पुण्यात रोज कुठेतरी काचेची इमारत उभी राहायची आणि तिथे नोकरी लागलेला माणूस आधी फ्लॅट घ्यायचा, मग गाडी, मग गोल्डन रिट्रीव्हर. हळदीचा पाय बरा झाला, अंगावर केस भरले आणि लोक रस्त्यात शर्मिलाला थांबवून पिल्लं कधी देणार असं विचारू लागले. ती नाही म्हणायची. मग एकदा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, की मी नाही म्हटल्यावर हे लोक कुठून पिल्लं आणतात ते बघून आलेय. कुठल्यातरी गोठ्यात दर माजाला व्यायला लावलेल्या कुत्र्या, तीन आठवड्यांत आईपासून तोडलेली पिल्लं, पोत्यात घालून विकायला. त्यातली निम्मी महिनाभरात रक्ताचे जुलाब होऊन मरतात. हे मलाही माहीत होतं. मरायला ती माझ्याच टेबलावर यायची.

मी तिला नियम सांगितले. अडीच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नाही. दोन वेतांत दीड-दोन वर्षांचं अंतर. आणि या जातीत खुबे निखळतात, म्हणून नर-मादी दोघांच्या खुब्यांची फिल्म. मी सांगितलं ते तिने पाळलं, आणि वर स्वतःचे नियम लावले. पहिला नर एका बिल्डरचा होता, दिसायला देखणा. फिल्म बघून शर्मिला म्हणाली की खोबणी उथळ आहे, नको. बिल्डरला तो अपमान वाटला. त्याने माझ्याच दवाखान्यात तिच्या दिशेने काचेचा ग्लास फेकला. तो भिंतीवर फुटला आणि एक तुकडा तिच्या भुवईत घुसला. तिने कापूस मागितला, भुवई दाबून धरली आणि त्याला शांतपणे म्हणाली, "तुम्ही ओरडल्याने त्याची खोबणी खोल होणार नाही." शेवटी वानवडीला एका निवृत्त मेजरांचा नर मिळाला, त्याचे खुबे उत्तम होते.

हळदीचं पहिलं वेत दोन हजार तीनला झालं. रविवारी दुपारी मला फोन आला, पाचवं पिल्लू अडकलंय. मी पोचलो तेव्हा हिराबाई जमिनीवर बसून हळदीचं डोकं मांडीवर घेऊन होत्या आणि शर्मिलाचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. पिल्लू आडवं होतं. कळा येत होत्या आणि प्रत्येक कळेला हळद विव्हळून स्वतःच्याच मागच्या पायाला चावायला बघत होती. मी आत बोटं घालून ते फिरवायला लागलो तशी तिने माझ्या हाताचा लचका घेतला. शर्मिलाने तिचा जबडा उघडून हात सोडवला, ओरडली नाही, मारलं नाही. पिल्लू बाहेर आलं ते मेलेलं. त्यानंतर आणखी तीन आली, जिवंत. हिराबाईंनी मेलेलं पिल्लू फडक्यात बांधलं आणि म्हणाल्या, "हिले दाखव एकडाव. नाहीतर शोधत राहील ते." शर्मिलाने दाखवलं. हळदीने ते चाटलं आणि मग बाकीच्यांकडे वळली.

सात पिल्लं आठ आठवडे त्या दोन खोल्यांत राहिली. घ्यायला येणाऱ्यांना शर्मिला प्रश्न विचारायची. घरात दिवसभर कोण असतं? परदेशी जायची वेळ आली तर कुत्र्याचं काय? माणसं चिडायची. आयआयटीत शिकलेल्या एकाने तिला सुनावलं, की माझी मुलाखत कंपनीनेसुद्धा एवढी घेतली नव्हती. ती म्हणाली, कंपनीला तुम्ही दोन वर्षं टिकलात तरी चालतं, मला बारा वर्षं हवीत. प्रत्येकाकडून ती कागदावर सही घ्यायची. तपासणीशिवाय पिल्लं काढायची नाहीत आणि सांभाळता आलं नाही तर कुत्रं कुणालाही न देता तिच्याकडे परत आणायचं. आणि दरवर्षी पिल्लाच्या वाढदिवसाला ती प्रत्येक घरी फोन करायची.

दुसरं वेत दोन हजार सहाला झालं. त्यातली एक मादी, शेवंती, तिने घरात ठेवली. दुसरी, केशर नावाची, यज्ञेश्वर नावाच्या एका इंजिनिअरने नेली. खराडीला राहणारा, मृदू बोलणारा, एकटा मुलगा होता. दिवसा शेजारच्या बाई कुत्रीजवळ थांबतील, असं त्याने आधीच ठरवलं होतं. तो घरी येऊन चार रविवार पिल्लांबरोबर जमिनीवर बसला होता. शर्मिलाला तो सगळ्यांत जास्त पटला होता.

दोन हजार नऊच्या वाढदिवसाला त्याचा फोन लागला नाही. महिनाभर लागला नाही, तेव्हा ती त्याच्या सोसायटीत गेली. शेजारच्या सुनीती नावाच्या बाईंनी सांगितलं, की तो वर्षभरापूर्वीच कंपनीतर्फे ऑनसाइट गेला, अमेरिकेला. कुत्री वाघोलीच्या पुढे कुणा हिंदुरावांच्या फार्मवर दिली. मोकळी जागा आहे, खेळेल, असं म्हणत होता.

शर्मिलाने मला गाडी आहे का विचारलं. मी माझी व्हॅन काढली. तिने सांगितलं होतं, की तुम्ही फक्त केशरला तपासायला चला.

हिंदुरावाची जमीन एका मोठ्या आयटी पार्कात गेली होती. उरलेल्या तुकड्यावर त्याने पत्र्याची लांबलचक शेड घातली होती. ऑगस्टची दुपार होती आणि शंभर पावलांवरून मुताचा वास डोळ्यांना झोंबत होता. शेडमध्ये पिंजरे होते, खाली मातीऐवजी जाळी, म्हणजे साफ करायला नको. तिसऱ्या पिंजऱ्यात केशर होती. तिच्या पाठीची हाडं मोजता आली असती. पोट जाळीला लागलं होतं, सड फाटून पिकले होते, एक डोळा चिकटून बंद झाला होता. पाच पिल्लं होती, त्यांतली दोन मेलेली, आणि ती उचलायला कुणी आलेलं नव्हतं. वर्षभरातलं ते तिचं दुसरं वेत.

हिंदुराव बाजेवर बसला होता. पन्नाशीचा, जाड मानेचा. शेजारी लोखंडी खुंटाला एक काळं, रुंद छातीचं कुत्रं साखळीने बांधलेलं होतं. त्याचे कान मुळापासून कापलेले होते आणि तोंडावर जुन्या जखमांचे वळ होते. रविवारी तिथे कुत्र्यांच्या झुंजी लावत, हे आम्हाला नंतर कळलं.

शर्मिलाने यज्ञेश्वरच्या सहीचा कागद पुढे केला. त्याने तो वाचला नाही. दोन तुकडे केले आणि म्हणाला, "कागद तुझा आन त्याचा. कुत्री माझी हाय."

ती म्हणाली, कुत्री मरायला टेकलीय. मला नेऊ द्या, तुम्ही म्हणाल ते बोलू नंतर.

"मरंल तर दुसरी आणीन. तू निघ." आणि पुढे त्याने तिला जातीवरून एक शिवी दिली.

शर्मिला वळली आणि पिंजऱ्याची कडी काढू लागली. मी व्हॅनकडे मागे आलो. हिंदुरावाने खाली वाकून साखळीचा आकडा सोडला.

ते कुत्रं भुंकलं नाही. सरळ धावत गेलं आणि तिच्या डाव्या हाताला लटकलं. कोपराखालचं मांस दातांत घेऊन ते मान झटकत होतं आणि प्रत्येक झटक्याला तिचं अख्खं अंग हलत होतं. कुणीही हात मागे ओढला असता. तिने तो पुढे रेटला, त्याच्या घशात, आणि उजव्या हाताने त्याचा पट्टा पकडून पिळायला सुरुवात केली. हिंदुराव पाण्याचा लोखंडी पाइप घेऊन आला आणि त्याने तिच्या पाठीत घातला. मग त्याच डाव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला व्हॅनपर्यंत ऐकू आला. ती गुडघ्यांवर आली, पण पट्टा सोडला नाही. कुत्र्याची जीभ निळी पडली, जबडा सैल झाला आणि ते बेशुद्ध होऊन बाजूला कोसळलं. पाइप तिसऱ्यांदा वर गेला तेव्हा तिने जमिनीवरूनच हिंदुरावाचा घोटा धरला आणि ओढला. तो मागच्या मागे पडला, डोकं पाण्याच्या सिमेंटच्या हौदावर आपटलं, आणि तो तिथेच बसून राहिला, कानातून रक्त गळत.

हे सगळं व्हायला मिनिटभर लागलं असेल. मी व्हॅनच्या दाराला हात लावून उभा होतो. माझ्या पायाशी एक फावडं पडलेलं होतं, ते मला दिसत होतं. मी ते उचललं नाही. जागचा हललोच नाही.

तिने केशरला उजव्या काखोटीला मारून आणलं आणि म्हणाली, "दार उघडा." मी उघडलं. मग ती परत गेली. मी नको म्हणालो असेन, नक्की आठवत नाही. ती तीन जिवंत पिल्लं ओढणीत घेऊन आली. डावा हात तोपर्यंत नुसता खांद्यापासून लोंबत होता आणि बोटांच्या टोकांवरून रक्ताची धार पिल्लांवर पडत होती.

केशरची गर्भपिशवी सडली होती. ती मी त्याच दिवशी काढली. कुत्री वाचली, पिल्लांतली दोन वाचली. शर्मिलाच्या हाताची दोन्ही हाडं मोडली होती, बावीस टाके पडले आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट कायमचं लुळं झालं. हॉस्पिटलात तिची फिल्म काढायला तिच्याच हाताखालची मुलगी होती. ती रडायला लागली, तेव्हा शर्मिलाने तिला हात कसा वळवून ठेवायचा ते सांगितलं.

तक्रार लिहून घ्यायला ठाण्यात चार तास लागले, त्यातला दीड तास फक्त त्या शिवीसाठी. ती लिहायची गरज नाही, प्रकरण वाढेल, असं साहेब म्हणत होते. शर्मिला प्लॅस्टर घातलेला हात टेबलावर ठेवून बसून राहिली. शेवटी लिहिली. हिंदुरावाने उलट तक्रार केली, की बाईने शेडमध्ये घुसून जनावरं चोरली आणि माझा कान फोडला. त्याला आठवड्यात जामीन मिळाला.

ऑक्टोबरमध्ये त्याची माणसं आली. सकाळी अकराची वेळ, चाळीतली कर्ती माणसं कामावर, शर्मिला ड्यूटीवर. घरात हिराबाई, केशर, शेवंती आणि नऊ वर्षांची हळद. केशरची दोन्ही पिल्लं नुकतीच नव्या घरी गेली होती. हिराबाईंनी केशरसाठी शेगडीवर मोठ्या पातेल्यात भात आणि कोंबडीची हाडं उकळत ठेवली होती. दोघेजण फाटक उघडून आत आले. हातात दांडकी होती.

गोल्डन रिट्रीव्हर राखण करत नाही. घरी कुणी आलं की हळद जे दिसेल ते तोंडात धरून त्याला द्यायला जायची. त्या दिवशी तिने हिराबाईंची चप्पल उचलली आणि शेपूट हलवत त्या माणसांकडे गेली. पहिला घाव तिच्या डोळ्यांच्या मधोमध बसला. ती खाली पडल्यावरही तो माणूस मारत राहिला. हिराबाई सांगत, की चप्पल तिने शेवटपर्यंत तोंडातून सोडली नव्हती.

शेवंतीने दुसऱ्याच्या मांडीला तोंड घातलं. त्याने तिच्या बरगड्यांत लाथ घातली आणि तो खोलीत शिरला. केशर कुठंय, असं विचारत त्याने हिराबाईंचे केस धरले. सहासष्ट वर्षांची, पाच फुटांचीही नसलेली बाई. तिने पदरही न घेता नुसत्या हातांनी उकळतं पातेलं उचललं आणि त्याच्या छातीवर पालथं केलं. त्याच्या किंचाळण्याने चाळ बाहेर आली. हळदीला मारणारा पळाला. भाजलेला सापडला.

शर्मिलाला निरोप मिळून ती पोचली, तेव्हा लोकांनी त्याला विजेच्या खांबाला बांधलं होतं. शर्टाबरोबर कातडी सुटली होती आणि त्यावरच पट्ट्यांचे फटके बसत होते. त्याचे दोन दात खाली पडले होते. कुणीतरी विटा आणल्या होत्या. अंगणात हळद पडलेली होती, तिच्याजवळ हिराबाई भाजलेले हात उताणे धरून बसल्या होत्या. शर्मिलाने आधी आईचे हात बघितले, मग हळदीच्या मानेवर बोटं ठेवून बघितली. मग ती गर्दीत शिरली आणि त्या माणसाकडे पाठ करून लोकांसमोर उभी राहिली. एक वीट सुटलेली होती, ती तिच्या खांद्यावर बसली.

लोक थांबले. बाजूला हो म्हणाले. ती म्हणाली, "हा मेला तर नाव कोण सांगणार? मला याचा जीव नकोय. मला नाव हवंय."

त्याने हिंदुरावाचं नाव सांगितलं. तिने ते मोठ्याने सांगायला लावलं, तीन शेजाऱ्यांच्या देखत. मग तिने त्याला सोडवलं, ओल्या चादरीत गुंडाळलं आणि आईला व त्याला एकाच रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. शेजारी तिच्यावर चिडले. काहीजण वर्षभर बोलले नाहीत. मी तिला विचारलं होतं, की तुला त्याची दया आली का. नाही, म्हणाली. पट्टा हातात घ्यावासा वाटत होता, घेतला नाही ते बरं झालं.

त्या जबाबावर हिंदुरावाला पुन्हा, आणि पळालेल्यालाही, अटक झाली आणि शेडवर छापा पडला. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची माणसं होती, पोलिस होते, तपासायला मी. चौदा कुत्री निघाली. दहांना जागा मिळाली. चार मला कायमची झोपवावी लागली. त्यांतलं शेवटचं ते काळं कुत्रं होतं. संस्थेतल्या एका मुलीने ते सुधारेल, कुणीतरी नेईल, असा आग्रह धरला. शर्मिला म्हणाली की याला नेणारा माणूस एक दिवस विसरेल, दार उघडं राहील आणि हे एखाद्या पोराचा गळा धरेल. त्याचा दोष नाही, पण मी कुणाच्या घरी याला पाठवणार नाही. मुसकी घातलेलं ते डोकं तिने स्वतःच्या मांडीवर घेतलं, त्याने फाडलेल्या त्याच हाताखाली. मी सुई टोचली. ते शेवटपर्यंत गुरगुरत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात यज्ञेश्वर अमेरिकेहून सुट्टीवर आला. त्याला सगळं ईमेलवरून कळलं होतं. तो नागपूर चाळीत आला, तेव्हा मी केशरचा डोळा तपासायला तिथेच होतो. केशर त्याच्या बुटांचा वास घेऊन परत शर्मिलाजवळ येऊन बसली. तिने त्याला ओळखलं नाही, किंवा ओळखून परत आली. तो म्हणाला, मला वाटलं होतं तिथे मोकळी जागा असेल. तुम्हाला फोन करायची लाज वाटली. शर्मिलाने त्याचा हात धरला आणि केशरच्या पोटावरच्या गाठींवरून फिरवला, एकेका सडावरून. तो रडू लागला. तिने हात सोडला आणि त्याच्या थोबाडीत दिली, जोरात. हिराबाई आतून म्हणाल्या, "मारतेस काहून त्याले? च्या ठेवलाय." त्याने चहा घेतला आणि गेला. खटल्यात साक्ष द्यायला मात्र तो स्वतःच्या खर्चाने पुन्हा आला.

माझी साक्ष दोन हजार तेराच्या सुरुवातीला झाली. हिंदुरावाचा वकील हुशार होता. त्याने मला विचारलं, की बाईंवर एवढा भयंकर हल्ला झाला असं आपण म्हणता, तर आपण स्वतः त्या वेळी काय करत होतात?

मी म्हणालो, "उभा होतो."

किती अंतरावर? पंधरा पावलं. हातात काही नव्हतं? पायाशी फावडं होतं. मग? मग काही नाही, मी उभा होतो. तो म्हणाला की हे कुणाला पटेल, हल्लाच झाला नसणार. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं. मला पुढे कळलं, की निकालात माझी साक्ष ग्राह्य धरली होती. स्वतःबद्दल इतकं लाजिरवाणं खोटं कुणी सांगत नाही, अशा अर्थाचं काहीतरी वाक्य होतं. हिंदुरावाला आणि त्या दोघांना शिक्षा झाली. तो वर्षभरात अपिलात बाहेर आला, पण शेड गेली ती गेलीच. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर शर्मिलाने मला रिक्षाला हात करायला सांगितलं. त्या दुपारबद्दल ती माझ्याशी एक शब्दही बोललेली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही.

मधल्या काळात, दोन हजार अकराला, तिने शेवंतीचं एक वेत घेतलं होतं. हळद गेल्यावर वर्षभर तिचं मन होत नव्हतं, मग झालं. सहा पिल्लं झाली. या वेळी तिने सगळी पुण्यातच दिली, स्कूटरवरून जाता येईल अशा घरी. एक मादी, अबोली, स्वतःकडे ठेवली. अबोली हळदीसारखी दिसायची. तेच भरदार डोकं, तोच रंग. हिराबाई तिला कधीकधी हळद म्हणूनच हाक मारत. मागणी करणारे आता मुंबई-बेंगळुरूहून फोन करत होते.

निकालानंतर अडीच महिन्यांनी शर्मिला अबोलीला खुब्यांची फिल्म काढायला घेऊन आली. मी फिल्म दिव्यावर लावली. डाव्या बाजूला मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून निम्मा बाहेर होता. मी म्हणालो की एवढ्यावरून काही ठरत नाही, उजवा बरा आहे, चांगला नर बघून एक वेत घेता येईल, पुष्कळ लोक घेतात.

"पुष्कळ लोक घेतात म्हणूनच तुमच्या टेबलावर येतात ना?" ती म्हणाली.  मग तिने अबोलीच्या नसबंदीच्या ऑपरेशनची तारीख मागितली, आणि शेवंतीचीही.

संध्याकाळपर्यंत तिने बाकीच्या पाचही घरी फोन लावले. पिल्लांच्या फिल्म काढून घ्या, तोवर पुढचं काही ठरवू नका. दोन माद्यांच्या खुब्यांत तसाच दोष निघाला. त्यांतल्या बाणेरच्या एकाने आपल्या मादीसाठी नर ठरवून ठेवला होता. तो भडकला आणि कुत्री माझी आहे, तू कोण सांगणार, असं फोनवर ओरडला. शर्मिला स्कूटर काढून त्याच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस कुत्रीला उपाशी ठेवून, ऑपरेशनच्या तयारीने, माझ्या दारात उभा होता, आणि शर्मिलाकडे बघत नव्हता.

त्या आठवड्यात मी चार ऑपरेशन्स केली. प्रत्येक कुत्री भुलीतून बाहेर येताना धडपडायची, टेबलावरून उडी मारायला बघायची. शर्मिला उजव्या हाताने तिची छाती धरायची, डाव्या कोपराने मान दाबून ठेवायची आणि कानाशी काहीतरी बोलत राहायची. शनिवारी शेवटचा टाका घालून झाला. तिने हात धुतले, घड्याळ बघितलं आणि दुपारच्या ड्यूटीला गेली.